काचेला चिकटलेला चेहरा

९ फेब्रुवारी, रविवार. मेहकर
सुलतानपूरहून फोटो आणला. एसटीत मांडीवर धरून, काच वर, मामांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला. शेजारच्या बाईने विचारलं, देवाचा हाय का? नाही म्हटलं. मग कोणाचा, ते पटकन सांगता आलं नाही.

मामांच्या घराची ती भिंत गेल्या पावसाळ्यात ओली झाली होती आणि फ्रेम तिथेच खिळ्याला. आता प्लास्टर खरवडायला घेतलं म्हणून उतरवली, तर मागचा पुठ्ठा फुगलेला. मामा म्हणाले, "तू कॉलेजातले फोटो नीट करतं ना बाई, मंग हाही कर. मे महिन्यात तिचा दिवस हाय. त्याच्या आत दे." निघताना दारात पुन्हा, "चेहरा काही मले नीट दिसून नाई राह्यला. डोयेच गेले माह्ये."

त्यांना मोतीबिंदू आहे हे खरं. पण चेहऱ्यावरचा डाग त्यांच्या डोळ्यांतला नाही. सांगितलं नाही.

व.चा जगातला हा एकच फोटो. मी रांगायलाही लागले नव्हते तेव्हा ती गेली. आई म्हणजे आई, आत्ता बाहेरच्या खोलीत मालिका पाहते आहे ती. आबांनी, माझ्या वडिलांनी, नंतर लग्न केलं ती. तिच्याशिवाय कोणाला आई म्हणायची जिभेला सवय नाही. म्हणून इथे नुसतं व. वच्छलाची व.

१० फेब्रुवारी
कॉलेजातून लवकर आले. टेबल पुसलं, पांढरी चादर, हातमोजे. आधी काचेसकट फोटो काढून घेतले, सरळ, तिरके, खिडकीच्या उजेडात. काहीही करायच्या आधी नक्कल हवी, ही नागपूरच्या मॅडमची पहिली शिकवण. ग्रंथालयवाल्यांसाठी आठवडाभराचं शिबिर होतं, जुने फोटो कसे जपायचे त्याचं. कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवासाठी मला पाठवलं होतं. तिथे शिकले ते वर्षभर दुसऱ्यांच्या गॅदरिंगच्या फोटोंवर वापरते आहे.

काळापांढरा फोटो, वर हाताने रंग भरलेला. साडी हिरवी. पदर डोक्यावरून. कपाळापासून हनुवटीपर्यंत ओल्यासारखी चकाकी. म्हणजे तेवढा भाग काचेला चिकटला आहे. वरचा थर जिलेटिनचा असतो, ओल लागली की मऊ पडतो, काचेला टेकला की धरून बसतो. म्हणून माउंटला, फोटोभोवतीच्या जाड बोर्डाच्या चौकटीला, खिडकी कापायची, फोटो आणि काच यांच्यात थोडी हवा राहावी म्हणून. कॉलेजच्या प्रत्येक फोटोला ती हवा मी दिली आहे. तिला कोणी दिली नाही.

एक डोळा दिसतो. दुसरा चकाकीत बुडालेला.

१२ फेब्रुवारी
आईने विचारलं, "आणला का तो?" हो म्हटलं. "कुठं ठेवला?" टेबलावर. "उन्हात नको ठेवजो." बस, एवढंच. पाहायला आली नाही.

कॉलेजात आज पहिल्या तुकडीचा ग्रुप फोटो पुठ्ठ्यावरून सुटला. सेलोटेपचा पिवळा पट्टा मात्र प्राचार्यांच्या छातीवरून जाणार नाही असं दिसतं. तो तसाच राहील. चार कोपऱ्यांना कागदी खिसे, आम्लमुक्त बोर्ड, मागे पेन्सिलीने नावं. डिंक नाही, टेप नाही. फोटो कशालाच चिकटलेला नसावा, नुसता बसलेला असावा.

१६ फेब्रुवारी, रविवार
मागचा पुठ्ठा उघडला.

खिळे गंजलेले, पकडीने एकेक. पुठ्ठा तपकिरी, हात लावला की भुगा. त्याखाली वर्तमानपत्र. ते अलगद उचललं तेवढं उचललं. फोटोची कोरी पाठ दिसायला हवी होती. दिसलं ते चित्र. उलटं.

फोटो फ्रेमपेक्षा लांब आहे. खालचा भाग मागे दुमडून बसवला आहे. हिरवी साडी मांडीपर्यंत जाते. मांडीवर पाय. लहान बाळाचे, वाळे घातलेले. बाकीच्यावर वर्तमानपत्र चिकटलेलं.

तिथेच थांबले. झाकून ठेवलं. आईने जेवायला हाक मारली. जेवले.

१७ फेब्रुवारी
मामांना फोन. जयभीम झाला, तब्येत झाली. मग म्हटलं, मामा, तो फोटो दुमडलेला आहे.

मागे बकरी ओरडत होती.

"हाव. मीच दुमडला."
का?
"तू होती ना त्यात. तिच्या मांडीवर. ते गेली, मंग फोटो फ्रेम करा लागे, हार घाला लागे. जित्त्या लेकराले हार कसा घालाव? माह्यी माय म्हणे कापून टाक खालचं. मले कापवलं नाई. दुमडला."

मला कधी सांगितलं का नाही, ते विचारलं. म्हणाले, "तुले तिकडं माय भेटली होती. चांगली भेटली. काऊन सांगाव?"

दिवसभर काउंटरवर बसून मुलांना पुस्तकं दिली. काय दिली आठवत नाही. आमच्या दोघींचा एकत्र फोटो आहे. मला इतकी वर्षं वाटायचं की तिने मला घेतल्याचा पुरावाच कुठे नाही.

२० फेब्रुवारी
नागपूरच्या मॅडमशी बोलले. सगळे फोटो पाठवले होते. त्या म्हणाल्या, "हे तुमच्या घरचं आहे ना? मग तुम्ही हळू करा. दुसऱ्याचं असतं त्याहून हळू."

सांगितलं ते थोडक्यात: ओढायचं नाही. ब्लेड घालायचं नाही. फ्रीज, हेअर ड्रायर, लोक सांगतात त्यातलं काही नाही. काळापांढरा फोटो काचेसकट पाण्यात ठेवला तर कधी कधी सुटतो. पण हाताने भरलेला रंग पाण्याचा असेल तर जाईल. आधी कोपऱ्यात तपासा. आणि न सुटणं हेही चालतं. काचेसकट जपता येतो. काच आता फोटोचाच भाग समजायची.

चेहरा काचेचा भाग समजायचा, असंही झालं ते.

२३ फेब्रुवारी, रविवार
दुमडलेल्या भागात, साडीच्या कडेला, कापसाची अगदी बारीक ओली काडी टेकवली. कापूस हिरवा झाला.

म्हणजे पाणी बंद. तो रस्ता गेला.

काडी टाकवली नाही. कागदाच्या पुडीत ठेवली आहे. शास्त्रात हे बसत नाही.

२ मार्च, रविवार
वर्तमानपत्र सोडवते आहे. कोरडंच, हाडाच्या पातळ पट्टीने, नखाएवढं. जिथे अडलं तिथे थांबायचं. आज तिचे हात मोकळे झाले. एक हात बाळाच्या पोटावर, दुसऱ्याने मनगट धरलेलं. घट्ट धरलंय. हात स्वच्छ आले आहेत, बांगड्यांच्या कडासुद्धा. ओल इथे कागद चिकटण्यापुरतीच पोचली.

भिंगातून पाहत राहिले. तिने धरलंय ते मनगट माझं आहे. आठवण नाही. मनगट तेच.

९ मार्च, रविवार
शेवटचा कपटा निघाला. बाळाचा चेहरा होता त्याखाली. हललेला.

ओलीने नाही, डागाने नाही. फोटो काढताना मीच मान फिरवली. पांढरट धूर दिसतो नुसता, त्यात दोन काळे ठिपके. म्हणून मनगट धरलं होतं तिने, मी स्वस्थ बसावं म्हणून. स्वस्थ बसले नाही.

तिचा चेहरा काचेने धरला, माझा मी घालवला. मधे हात तेवढे शाबूत.

१० मार्च
संध्याकाळी आई स्वतः खोलीत आली. दारात उभी. "मले पण पाहू दे."

खुर्ची दिली. चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं तिने. आधी मागची बाजू, मग काचेची. म्हणाली, "मी आली तवा तुह्या आबाकडं एकही फोटो नव्हता. तू रडे, तवा मी त्यायले इचारलं, कशी दिसे ते? त्यायनं काहीच सांगतलं नाई. मले वाटे, ते माह्याहून लय देखणी असन, म्हणून सांगत नसन."

मी भिंग तिच्याकडे सरकवलं.

मग वाळ्यांकडे बोट, लांबूनच, हात न लावता. "हे वाळे मी काढले. तुह्ये पाय भरले होते, वाळे रुतले होते. कोणाच्या ध्यानात नाई आलं. तेल लावून लावून काढले. तू लय रडली. माह्या मांडीवर पह्यल्यांदा झोपली ते त्या दिवशी."

हे मला माहीत नव्हतं. तिने घातलेले, हिने काढलेले. उठताना आई म्हणाली, "चेहऱ्याचं काय करणार?" माहीत नाही म्हटलं.

१६ मार्च, रविवार
घडीचं बघते आहे. बाहेरच्या बाजूने दुमडल्यामुळे थर तडकलाय, आडवी पांढरी रेघ. कोरडं उघडलं तर तुटेल. मॅडमनी सांगितलेली रीत: ओला टिपकागद, त्याखाली वाफ जाऊ देईल पण पाणी नाही असं कापड, त्याची बारीक पट्टी फक्त घडीच्या रेघेवर. थोडा वेळ. काढायची. कागद सैल झाला असेल तेवढाच उघडायचा, खाली आधार द्यायचा. मग कोरड्यात विश्रांती. चेहऱ्याकडची बाजू पूर्ण झाकून.

आज करंगळीएवढं उघडलं. पुरे.

२२ मार्च, शनिवार
बसस्टँडजवळच्या फोटोवाल्याला नक्कल दिली होती, मामांच्या कार्यक्रमासाठी छापून हवी म्हणून. त्याने आपणहून मोबाईलवर चेहरा "साफ" करून ठेवला. छापून अभिमानाने दाखवला. "ताई, पाहा. पैसे नका देऊ, आपल्या घरचंच."

बाई सुंदर होती. नाक सरळ, गाल गुळगुळीत, डोळ्यांत चमक, ओठांवर थोडं हसू. कोणीच नव्हती ती. घरी आणून आईला दाखवला. आई म्हणाली, "हे कोण?"

पाप त्या फोटोवाल्याचं नाही. मी पण क्षणभर पाहिलंच की, हीच असेल तर, म्हणून. तो कागद फाडून टाकला. लगेच फाडला नाही, खोटं कशाला लिहू. दुपारभर उशाला होता.

६ एप्रिल, रविवार
ऊन वाढलं. आईला कूलर लागतो आणि कूलरने खोलीत दमट होतं. फोटो कपड्यांच्या लोखंडी कपाटात हलवला, आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून लांब. तिथे मी पंख्यावर काम करते. घाम पडू नये म्हणून कपाळाला पंचा. आई दारातून म्हणाली, "तिच्यापायी मले कूलर, अन् तुले घाम." हसत होती. मग थंड ताक आणून ठेवलं, टेबलापासून लांब, जमिनीवर. शिकली आहे.

घडी अर्धी उघडली. यापुढे उघडत नाही. ताणलं तर रेघ फाटेल हे बोटांना कळतं. सपाट होणार नाही तो फोटो. बाळ मांडीवर नीट नाही, घसरल्यासारखं, उतारावर.

१४ एप्रिल
जयंती. वस्तीत निळे झेंडे, सकाळपासून गाणी. आई पांढरी साडी नेसून विहारात. मी गेले, खीर वाढली, परत आले.

मामा आले होते मिरवणुकीला. जेवून फोटो बघायला बसले. हात पुढे केला, मी म्हटलं, हात नका लावू मामा. लगेच मागे घेतला, लहान मुलासारखा. वाईट वाटलं मला.

काचेजवळ तोंड नेऊन पाहिलं. "धुकट दिसते. मे महिन्यात माह्यं आपरेशन ठरलं हाय. मंग पाहीन नीट."

आत्ता सांगायला हवं होतं. त्याऐवजी विचारलं, मामा, ती कशी होती दिसायला? माझ्यासारखी?

"तुह्यासारखी नव्हती. तू तुह्या बापावर गेली." मग म्हणाले, "खरं सांगू का बाई. मले आता वच्छी याद येतच नाई. फोटोच याद येते. डोये मिटले तरी फोटोच. इतकं वर्स रोज पाह्यला ना. हालत नाई ते. बोलत नाई."

आई चहा घेऊन आली होती, ती तशीच कप धरून उभी राहिली.

१५ एप्रिल
आई म्हणते सांगून टाक. "आपरेशन झाल्यावर पाहीन म्हणते तो माणूस. पट्टी सुटल्यावर त्याले काय दिसन?"

खरं आहे. फोन हातात घेतला, शेतातल्या मिरचीचं विचारलं, ठेवला.

२० एप्रिल, रविवार
माउंट तयार केला. नेहमीचा नाही चालणार. खोल पेटी केली, बोर्डाचे थर एकावर एक चढवून. काच आणि तिला धरलेला वरचा भाग एका पातळीत, खालच्या भागाला बोर्डाचा उतार, बाळ टेकून राहील असा. कशालाही खळ नाही, कडांना कागदी खिसे. वरून दुसरी काच, पण लांब, कोणालाही न शिवणारी. झाकण वेगळं.

कितीतरी वर्षांनी तिच्याभोवती थोडी हवा आहे.

पेन्सिलीने पाठीवरच्या बोर्डावर लिहायचं असतं कोण आहे ते. "वच्छला" लिहिलं. पुढे "आणि सुजाता." मग नातं. नात्याच्या जागी पेन्सिल टेकवून बसून राहिले. कोरं ठेवलंय.

२७ एप्रिल, रविवार
काही केलं नाही. कपाट उघडलं, पाहिलं, बंद केलं. उजेड जितका कमी तितकं बरं हे मीच मुलांना सांगते. आज बरेचदा उघडलं.

ती बोलायची कशी, काही पत्ता नाही. मामांसारखीच बोलत असणार, मले, तुले करत. मला कशी हाक मारत असेल. सुजाता नाव तर आबांनी नंतर ठेवलं.

४ मे, रविवार. सुलतानपूर
तिचा दिवस. वंदना, मग जेवणं. मामांच्या नव्या प्लास्टरवर फोटोची नक्कल लावली, फक्त वरचा भाग, चेहरा आहे तसा, डागासकट. मामांनी चाचपत हार घातला. म्हाताऱ्या बायकांना डाग दिसला असेल, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हाराकडे.

आई पण आली होती. ती कधीच येत नसे या दिवसाला. मागे चटईवर बसली, वंदनेचे शब्द सगळ्यांबरोबर म्हणत. मामांच्या सुनेने विचारलं, मावशी, पुढं या ना. "इथंच बरी," म्हणाली.

परतताना एसटीत आई झोपली, डोकं माझ्या खांद्यावर.

९ मे
मॅडमचा निरोप. मुंबईला एक प्रयोगशाळा आहे, तिथले लोक काचेला चिकटलेले फोटो हाताळतात. बघून सांगतील. सुटेलही, चेहऱ्याचा थर काचेवर राहून कागद कोरा निघेल असंही होऊ शकतं. खात्री कोणी देणार नाही. "तुम्हीच ठरवा. घाई नाही. आहे तसा ठेवलात तर तुम्ही केलेल्या पेटीत तो आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकेल."

टिकेल. दिसणार नाही, पण टिकेल.

१३ मे
मामांचं ऑपरेशन झालं, इथेच मेहकरात. थेंब घालायचे म्हणून आठवडाभर आमच्याकडे. पट्टी उद्या. सारखं विचारताहेत, फोटो घरीच हाय ना?

जेवताना हिंमत केली. मामा, चेहऱ्यावर डाग आहे. ओलीचा. तुमच्या डोळ्यांमुळे नव्हता तो.

घास हातात तसाच राहिला. "पुरा?"
एक डोळा दिसतो, म्हटलं.
"मंग मी इतके दिवस माह्या डोयाले दोष देऊन राह्यलो." पुन्हा जेवायला लागले. थोड्या वेळाने, "तरी पाहीन."

१४ मे
पट्टी सुटली. दवाखान्यातून आल्यावर पाणीसुद्धा नको म्हणाले. पेटी आणून पुढ्यात ठेवली, खिडकीचा पडदा अर्धा सारला.

चेहरा पाहिला. मी आईकडे पाहत होते, आई जमिनीकडे. मग मामांनी मान खाली केली, उताराकडे, जिथे हात आहेत. तो भाग त्यांनीच मागे दुमडला होता, त्यानंतर तो त्यांच्या नजरेला पडलाच नव्हता.

"हे बोट," म्हणाले.

कोणतं? करंगळी. मनगट धरलेल्या हाताची. बाहेर वळलेली आहे. मी इतके दिवस भिंग लावून पाहिलं, मला वाटलं पकड घट्ट म्हणून वळली असेल.

"इहिरीवर रहाटात सापडलं होतं. आम्ही दोघं पाणी ओढून राह्यलो होतो. बोट वाकडंच जुळलं. तवापासून भाकर थापताना ते बोट टेकतच नसे. तिची भाकर एका अंगानं जाड राहे. बाप म्हणे, वच्छे, आज बी अर्धी भाकर अन् अर्धा रोडगा केला का? अन् ते..."

थांबले. ओल्या नव्या डोळ्याने समोर बघत, फोटोकडे नाही, भिंतीकडे.

"ते तोंडावर पदर घेऊन हासे. दिसली मले. आत्ता दिसली. हालली."

डॉक्टरांनी रडू नका सांगितलं होतं. आईने कापसाने डोळ्याची कड टिपली, खालून, अगदी हलक्या हाताने. मग तिनेच विचारलं, "जाड भाकर कोण खाये मंग?"
"मीच," मामा म्हणाले.

१६ मे
मामा दोन दिवस बोलताहेत. ती चिंचेचा कोवळा पाला खायची. गाणं म्हणताना मधलंच कडवं दोनदा म्हणायची. मेंढ्यांना भ्यायची. मला ती "बुटके" म्हणायची, मी लहानखुरी होते म्हणून. बुटके. तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. अनोळखी वाटतं, तरी पुन्हा म्हणावंसं वाटतं.

मी विचारलं, फोटो मुंबईला पाठवू का, मामा? चेहरा सुटेल कदाचित. कदाचित जाईल. म्हणाले, "माह्यं झालं बाई. मले ते भेटली. आता तुह्यं तू पाह्य." आईला विचारलं. ती म्हणाली, "पाठव." भांडी आवरून आल्यावर म्हणाली, "नको पाठवू." आता पुन्हा म्हणते, पाठव.

मॅडमना उत्तर लिहायला घेतलं, नमस्कारापर्यंत आलं. पेटी कपाटात आहे, आडवी, कोरड्यात. मला अजून तिचा एकच डोळा माहीत आहे. दुसरा काचेमागे आहे की काचेवर, हे उघडल्याशिवाय कोणालाच कळणार नाही.

मामा बाहेरच्या खोलीतून विचारताहेत, काय लिहून राह्यली बाई, इकडं ये, आणखी एक याद आलं. आईने त्यांच्याजवळ माझ्यासाठी चटई टाकली आहे.